आधी घरची भाषा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



माझी नात इंग्रजी बालवर्गात जाऊ लागली आणि गप्प झाली. बाईंनी ज्वारीचं कणीस दाखवून इंग्रजीत नाव विचारलं. रोज कणीस बघणारं लेकरू, पण तोंड उघडेना. तिला कणीस माहीत होतं. भाषा आडवी आली.

1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला वारली लेकरांच्या अंगणातच बालवाडी नेली. पानं, बिया, शंख-शिंपले हेच साहित्य. मुंबईत बेने इस्राएल समाजाने 1875 साली शाळा काढली. घरची मराठी न सोडता लेकरं तिथे हिब्रूही शिकली. म्हणजे दुसरी भाषा नको असं नाही, ती पहिलीच्या खांद्यावर बसून यावी.

म्हणून आपल्या हॉलमध्ये आठवड्याचे उपक्रम असे ठेवू या: सोमवारी ज्वारी, तूर, हरभरा निवडून वेगळे करणं; बुधवारी आजीची गोष्ट; शुक्रवारी मोठ्यांचा हात धरून वालूरच्या बारवेच्या पायऱ्या मोजणं; शनिवारी गाणी. प्रत्येक गोष्ट आधी मराठीत, घरी उर्दू बोलणाऱ्यांसाठी उर्दूत, मग इंग्रजीत.

खर्च फारसा नाही. दुपारी हॉलची किल्ली आणि दोन आज्या हव्यात. मोजायचं काम माझ्याकडे. बँकेतली सवय आहे! नात आता पायऱ्या दोन्ही भाषांत मोजते, चुकली तर हसते. मला तेवढं व्याज पुष्कळ झालं.