म्युलर म्हणजे गिरणीवाला

  मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब बघितला होता. आज हिशेबाची वही बाजूला ठेवा. आज आपण नावांबद्दल बोलणार आहोत, आणि तेही एका परदेशी आडनावाबद्दल.

त्याचं असं झालं. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी नर्सिंग झाली आणि आता पुण्याला जर्मन भाषा शिकते आहे. शिकायला जाते त्या जागेचं नाव मॅक्स म्युलर भवन. बैठकीत बायकांनी विचारलं, हा म्युलर कोण? आम्ही शोधायला लागलो, तर एक म्युलर शोधताना चार सापडले. एक संस्कृतचा पंडित, एक कीटकनाशक शोधणारा, एक फुटबॉल खेळणारा आणि एक नोबेल मिळवणारी लेखिका. चौघंही एकमेकांच्या नात्यातली नाहीत. आडनाव तेवढं एक.

आधी या आडनावाचा अर्थ सांगतो. म्युलर म्हणजे गिरणीवाला, दळण दळून देणारा. जर्मनीत हे सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे. आपल्याकडे सुतार, लोहार, कुंभार अशी कामावरून पडलेली आडनावं आहेत ना, तशी तिकडेही आहेत. श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, वेबर म्हणजे विणकर, फिशर म्हणजे मासे धरणारा, बाउअर म्हणजे शेतकरी. पूर्वी तिकडे माणसाला एकच नाव असे. वस्ती वाढली, एकेका गावात पाच-पाच योहान झाले, तेव्हा ओळखायचं कसं? मग कुणी लोहार योहान झाला, कुणी गिरणीवाला योहान. हळूहळू कामाचं नाव मुलांना, नातवंडांना लागू झालं आणि त्याचं आडनाव बनलं. पुढे नातवाने गिरणी सोडली तरी आडनाव सुटलं नाही.

त्या काळची गिरणी ओढ्याच्या पाण्यावर किंवा वाऱ्यावर चालायची. दळणाचे पैसे क्वचितच मिळत. दळलेल्यातला ठरलेला वाटा गिरणीवाला ठेवून घेई. कितीतरी ठिकाणी शेतकऱ्यांना जमीनदाराच्याच गिरणीत दळायची सक्ती होती. त्यामुळे गिरणीवाला माप मारतो, पीठ काढून घेतो, असा संशय लोकांच्या मनात कायम. काही भागांत तर हा धंदा हलका मानला जाई आणि गिरणीवाल्याच्या मुलाला इतर कारागिरांच्या संघात घेत नसत. बघा, ज्या कामाला लोक नावं ठेवत होते, त्याच कामाचं आडनाव आज त्या देशात सगळ्यात जास्त घरांच्या दारावर आहे.

यावर आमच्या बैठकीत एक चांगला प्रश्न निघाला. आपल्याकडे सुतार आहेत, लोहार आहेत, मग दळणावरून पडलेलं आडनाव का नाही? निदान आमच्या कुणाच्या ऐकण्यात तरी नाही. एक आजी म्हणाल्या, "अगं, दळण आपण दळायचो ना! पहाटे उठून, घरातल्या जात्यावर. त्याला कोण धंदा म्हणणार?" आजींचं बोलणं सगळ्यांनाच पटलं. जे काम घरात होतं, बाई करते आणि ज्याचे पैसे मिळत नाहीत, त्याचं कुणी आडनाव ठेवत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पहिला म्युलर. मॅक्स म्युलर १८२३ साली जर्मनीतल्या डेसाउ गावात जन्मला. वडील विल्हेल्म म्युलर कवी होते, पण मुलगा चार वर्षांचाही नव्हता तेव्हा ते गेले. आईने एकटीने मुलांना वाढवलं. मुलगा संस्कृत शिकला, पुढे इंग्लंडला गेला आणि ऑक्सफर्डला राहिला. ऋग्वेद सायणाचार्यांच्या भाष्यासह छापून काढायचं काम त्याने हाती घेतलं. १८४९ साली पहिला खंड निघाला आणि १८७४ साली सहावा. पंचवीस वर्षं एकच काम! आपल्याकडचे पंडित त्याला मोक्षमुल्लर म्हणायचे. गंमत म्हणजे हा माणूस आयुष्यात एकदाही भारतात आला नाही. आणखी एक गंमत. म्युलर नावाची माणसं इतकी झाली होती की नुसत्या आडनावाने आपल्याला कोण ओळखणार, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने मॅक्स हे आपलं नावच आडनावाला जोडून घेतलं.

पण आपल्या दृष्टीने त्याची मोठी गोष्ट वेगळीच आहे. आपल्या दोन बायकांशी त्याचा संबंध आला. पहिल्या पंडिता रमाबाई. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या, तेव्हा ऑक्सफर्डला त्या मॅक्स म्युलरच्या घरी राहिल्या होत्या. पुढे आपल्या हिंदुस्थानी स्नेह्यांबद्दल त्याने पुस्तक लिहिलं, त्यात रमाबाईंबद्दलही लिहिलं आहे. याच रमाबाईंनी नंतर पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि शेकडो निराधार बायकांना आसरा दिला.

दुसऱ्या रखमाबाई. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लावलं होतं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने मुंबईच्या कोर्टात दावा लावला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. या खटल्याची चर्चा पार इंग्लंडपर्यंत गेली. मॅक्स म्युलरने तिथल्या वर्तमानपत्रात लिहिलं. त्याचं म्हणणं असं की हा प्रश्न नुसत्या कायद्याने सुटायचा नाही. रखमाबाई शिकलेल्या आहेत आणि शिक्षणामुळेच आपलं भलंबुरं ठरवायला त्या स्वतः सगळ्यात लायक आहेत. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, १८९४ साली परत आल्या आणि सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं बायकांवर उपचार करत राहिल्या. मुलीला पुढे शिकवावं की दहावीनंतर थांबवावं, असा प्रश्न घरात निघेल तेव्हा रखमाबाईंची ही गोष्ट जरूर सांगा.

दुसरा म्युलर तुम्हाला नावाने माहीत नसेल, पण त्याचं औषध तुमच्या घराच्या भिंतींना लागलेलं असेल. पॉल हेर्मान म्युलर. हा जर्मनीचा नव्हे, शेजारच्या स्वित्झर्लंडचा. तिथेही बरेच लोक जर्मन बोलतात, म्हणून आडनावं तीच. हा रंग आणि रसायनं बनवणाऱ्या कंपनीत काम करायचा. किडे मारणारं पण माणसाला चटकन न बाधणारं औषध तो शोधत होता. साडेतीनशेच्या आसपास रसायनं करून बघितली, जमेना. शेवटी १९३९ साली डीडीटीचा गुण त्याला कळला. मलेरिया आणि उवांमुळे पसरणारा टायफस ताप यांतून त्या औषधाने पुष्कळ माणसं वाचवली. तो डॉक्टर नव्हता, तरी १९४८ साली त्याला वैद्यकाचं नोबेल मिळालं. गावात फवारणीवाले यायचे आणि सांगून जायचे, फवारल्यावर भिंती सारवू नका. जुन्या बायांना आठवत असेल. पण पुढे कळलं की हे औषध मातीत, पाण्यात, प्राण्यांच्या चरबीत वर्षानुवर्षं साठून राहतं आणि पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होतात. आपल्या देशात १९८९ साली शेतीसाठी त्याच्यावर बंदी आली, फक्त रोग पसरवणाऱ्या कीटकांसाठी ते सरकारी देखरेखीखाली वापरलं गेलं. म्हणून शेतात कुठलंही औषध मारताना डब्यावरची सूचना वाचा किंवा मुलांकडून वाचून घ्या. आज गुण दिसला म्हणजे उद्या बाधणार नाही, असं नसतं.

तिसरा म्युलर गेर्ड. आडनाव गिरणीवाल्याचं आणि हा शिकला विणकाम. पण नाव झालं फुटबॉलमध्ये. जर्मनीसाठी ६२ सामन्यांत ६८ गोल. १९७४ साली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जिंकून देणारा गोलही त्याचाच. मग खेळ थांबला, हाताला काम राहिलं नाही आणि दारू लागली. एवढा मोठा खेळाडू, पण दारूने त्यालाही सोडलं नाही. त्याच्या जुन्या क्लबातल्या सोबत्यांनी त्याला उपचाराला नेलं आणि बरा झाल्यावर क्लबातच मुलांना शिकवायचं काम दिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तो तिथे काम करत होता. आपल्या कितीतरी घरांत हा त्रास आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. दारू हा आजार आहे, त्यावर उपचार आहे आणि उपचारानंतर माणसाला काम लागतं. नुसतं रागावून किंवा शपथ घालून ती सुटत नाही.

आता चौथी, हेर्टा म्युलर. १९५३ साली रुमानियात जर्मन बोलणाऱ्यांच्या एका खेड्यात तिचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तिथल्या जर्मन लोकांना सक्तीच्या मजुरीसाठी रशियाकडे नेलं. त्यात तिची आईही होती. पाच वर्षांनी ती परत आली. हेर्टा मोठी झाल्यावर एका कारखान्यात भाषांतराचं काम करू लागली. गुप्त पोलिसांनी तिला गाठलं आणि म्हणाले, सोबतच्या लोकांच्या खबरा आम्हाला देत जा. तिने नाही म्हटलं. मग छळ सुरू झाला. बसायची खोली काढून घेतली. तेव्हा तिने जिन्याच्या पायरीवर हातरुमाल अंथरला, शब्दकोश मांडीवर घेतले आणि तिथे बसून भाषांतर चालू ठेवलं. वर अशी अफवा उठवली की तीच पोलिसांची खबरी आहे. ज्यांना वाचवलं तेच संशयाने बघू लागले. शेवटी नोकरी गेली. १९८७ साली ती देश सोडून जर्मनीला आली, लिहीत राहिली, आणि २००९ साली तिला साहित्याचं नोबेल मिळालं. त्या वेळच्या भाषणात तिने या रुमालाबद्दलच सांगितलं. घरातून निघताना रुमाल घेतला की नाही, याची चौकशी तिची आई रोज करायची. बाकी माया बोलून दाखवायची पद्धत त्या घरात नव्हती.

आता मघाचा मुद्दा. ही नामवंत माणसं शोधताना आम्हाला पुरुषच जास्त सापडले. म्युलर बायका काय कमी होत्या? होत्या, पण त्यांचं नाव त्यांच्या हातात नव्हतं. जर्मनीत १९०० साली जो कायदा आला, त्यात लग्न झालं की बाईने नवऱ्याचं आडनाव लावायचं, असंच होतं. १९७६ साली दोघांपैकी कुणाचंही आडनाव घ्यायची मुभा मिळाली, पण एकमत झालं नाही तर नवऱ्याचंच. १९९१ साली तिथल्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की हे समानतेच्या विरुद्ध आहे. १९९४ पासून ज्याने त्याने आपलं आडनाव ठेवलं तरी चालतं. म्हणजे एवढ्या पुढारलेल्या देशातही बाईला जन्माचं नाव ठेवायला चौऱ्याण्णव वर्षं लागली.

आपल्या देशात लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. ती रूढी आहे. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला आहे.

पण नुसतं ऐकून उपयोग नाही. गटाचं काम करताना आम्ही बघतो, आधार कार्डावर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आणि पासबुकात तिसरंच काहीतरी. कर्ज मंजूर होतं आणि नावामुळे अडकतं. वारसा नोंदीच्या वेळी बहिणीचं नाव जुळत नाही म्हणून तिचा हक्क लांबणीवर पडतो. तेव्हा तीन कामं करा. एक, माहेरचं ठेवायचं की सासरचं, हे स्वतः ठरवा आणि सगळीकडे तेच लावा. दोन, लग्नाची नोंद झाली नसेल तर ग्रामपंचायतीत करून घ्या. नाव बदललेलं असेल तर जुनं आणि नवं जोडायला तोच कागद लागतो. तीन, सातबारा आणि घराचा नमुना ८ काढून आणा आणि त्यावर तुमचं नाव आहे का ते डोळ्यांनी बघा. असेलच, असं धरून चालू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपले सगळे कागद पिशवीत घालून आणायचे. एकमेकींचे तपासू, ज्यांची नावं जुळत नाहीत त्यांची यादी करू आणि सगळ्या मिळून तलाठ्याकडे, बँकेत जाऊ. एकटीला परत पाठवतात, दहाजणींना बसायला सांगतात, हा आपला अनुभव आहेच.