मानेतली नळी आणि पायाखालचा चिखल

डायलिसिसच्या रुग्णाला थंडी वाजून आली की आम्हा डॉक्टरांची नजर आधी मानेतल्या कॅथेटरवर जाते. बरेचदा ती बरोबरच असते. कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस त्या नळीवाटे रक्तात उतरतो. आज मात्र मला नळी निर्दोष असते तेव्हाचं सांगायचंय.

कोकणातले एक भातशेतीवाले आजोबा. मधुमेह जुना, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ऐन पावसाळ्यात ते हुडहुडत आले. थर्मामीटर जेमतेम नव्याण्णव दाखवत होता. किडनी निकामी झाली की पांढऱ्या पेशींचा जोर ओसरतो, अंगही नेहमीपेक्षा गार राहतं. ताप नाही म्हणून जंतूही नाहीत, असं इथे धरून चालत नाही.

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी दोन ठिकाणांहून कल्चरसाठी रक्त घेतलं, दर बाटलीत ८ ते १० मिलिलिटर. डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून जो फिस्टुला करतात, त्यासाठी हाताच्या शिरा जपायच्या असतात, म्हणून एकदा तळहाताच्या मागून आणि एकदा कॅथेटरमधून. शिरा जपायच्या म्हणून कल्चरच टाळणं, हे मला आजही पटत नाही.

दुसऱ्या दिवशी बाटली पॉझिटिव्ह झाली. काचपट्टीवर ग्रॅम-निगेटिव्ह जंतू, दोन्ही टोकं गडद आणि मध्ये फिका, अगदी सेफ्टी पिनेसारखा. ‘स्यूडोमोनास’ असा रिपोर्ट जायच्या बेतात होता. पण आमच्या टेक्निशियन बाईंनी अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवलेली कल्चरची प्लेट उजेडात धरली. जेंटामायसिनच्या चकतीला जंतू खेटून वाढलेले, कोलिस्टिनलाही. को-ॲमॉक्सिक्लॅवभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ! नेहमीच्या स्यूडोमोनासच्या नेमकं उलट.

हा बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय. आजार मेलिऑइडोसिस. १९११ मध्ये रंगूनला अल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी तो पहिल्यांदा ओळखला. जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. पायाच्या चिरेतून किंवा श्वासातून शिरतो. मधुमेह आणि किडनीचा जुना आजार, दोन्ही त्याला वाट मोकळी करून देतात.

नाव चुकलं असतं तर? नळी काढली असती, थोडे दिवस इंजेक्शनं दिली असती आणि यकृतातलं किंवा प्लीहेतलं गळू तसंच राहिलं असतं. या आजाराला सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम निदान दोन आठवडे लागतं, पुढे को-ट्रायमोक्साझोल निदान तीन महिने. तेही किडनी बघून मोजलेलं, कारण या गोळीने पोटॅशियम चढतं आणि डायलिसिसच्या रुग्णाला तेच जिवावर बेतू शकतं.

बाईंना मी विचारलं, शंका कशी आली? त्यांनी नमुन्यासोबतचा कागद पुढे केला. ‘आजाराची माहिती’ या रकान्यात एरवी आम्ही डॉक्टर ‘ताप’ एवढंच खरडतो. त्या दिवशी डायलिसिसच्या सिस्टरने आजोबांशी बोलून स्वतः लिहिलं होतं: “लावणीला चिखलात उतरले होते, अनवाणी.”