शिष्टाचार आणि आत्मविश्वास

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी या गावी केदारेश्वराचे चालुक्यकालीन देवालय आहे. त्याच्या बाहेरील भिंतींवर सुरसुंदरींच्या मूर्ती कोरलेल्या असून त्या पाहावयास दूरदूरचे अभ्यासक येत असतात. अलंकारांच्या नाजूक कामाचे कौतुक तर सर्वच करतात. परंतु थोडा वेळ थांबून पाहणाऱ्याच्या ध्यानात दुसरीच गोष्ट येते. त्या मूर्तींच्या उभे राहण्यात, मान वळविण्यात व हात ठेवण्यात कोठेही अवघडलेपणा नाही. आपणांस कोणी पाहत आहे याची जणू त्यांना दखलच नाही. संकोच नाही आणि दिमाखही नाही, अशी ही जी मधली अवस्था, तिलाच मराठीत सहजता म्हणतात. आणि चारचौघांत वावरताना नेमकी हीच मनुष्यास दुर्लभ होते.

हल्लीच्या तरुणांपुढे हा प्रश्न मोठ्या निकडीने उभा आहे. धर्मापुरीसारख्या गावातून एखादा मुलगा शिकून परळीस, अंबाजोगाईस, तेथून छत्रपती संभाजीनगरास किंवा पुण्यास जातो. परीक्षेत तो कोणाहून कमी नसतो. परंतु मुलाखतीच्या खोलीत पाऊल टाकले, अथवा एखाद्या मोठ्या घरी जाण्याचा प्रसंग आला, की हातांचे काय करावे हे त्यास समजत नाही. आपले बोलणे गावंढळ तर वाटत नसेल ना, या धास्तीने येत असलेले उत्तरही ओठांवर अडते. मग कोणी तरी त्यास सांगतो, की चांगला कोट शिवून घे, इंग्रजी वाक्ये पाठ कर, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोल, म्हणजे तुझी छाप पडेल. बिचारा तेही करून पाहतो. कोट अंगावर चढतो, पण त्याच्या आतला संकोच जिथल्या तिथेच राहतो.

याचे कारण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. संकोची मनुष्य हा विनयी असतोच असे नाही. पुष्कळदा तो केवळ स्वतःविषयीच्या विचारात गुंतलेला असतो. 'मी कसा दिसतो, माझे काय चुकेल, लोक मला काय म्हणतील', हे चक्र त्याच्या मनात अखंड फिरत असते. छाप पाडण्याची विद्या शिकविणारे लोक हे चक्र थांबवीत नाहीत. उलट त्याला अधिक वेग देतात. जुना शिष्टाचार नेमके याच्या उलट काम करतो. तो मनुष्यास स्वतःवरून दृष्टी काढून समोरच्याकडे लावावयास सांगतो. आलेल्याला बसावयास काही आहे काय, त्याला पाणी मिळाले काय, वृद्ध उभे असताना आपण बसलो तर नाही ना, कोणाचे बोलणे अर्धवट तुटले तर नाही ना, अशी लहानसहान कामे तो मनाला आणि हातांना लावून देतो. काम मिळाले की हात अवघडत नाहीत, आणि लक्ष दुसऱ्याकडे गेले की भीतीला बसावयास जागा उरत नाही. शिष्टाचारापासून आत्मविश्वास उत्पन्न होतो तो या मार्गाने.

शिवाय हा शिष्टाचार गावच्या मुलास कोठून उसना आणावयाचा नाही. तो त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मराठवाड्यातील साध्या शेतकऱ्याच्या घरी पाहुणा आला, तर त्याच्यासाठी आधी घोंगडी किंवा सतरंजी अंथरली जाते. कामाची गोष्ट काढण्यापूर्वी पाण्याचा तांब्या पुढे येतो. पाहुणाही जोडे दाराशी काढून आत येतो, घरातील वडील मंडळींस आधी रामराम करतो, आणि निघताना 'जातो' असे न म्हणता 'येतो' असे म्हणून उठतो. रस्त्यात अनोळखी म्हातारा भेटला तरी त्याला कोणी नुसते 'अहो' म्हणून थांबत नाही; 'मामा', 'बाबा' असे काही तरी नाते जोडूनच हाक मारतो. त्यातच निजामी राजवटीत उर्दू ही दरबाराची व कचेरीची भाषा असल्यामुळे तिच्यातील अदबीचे वळणही या प्रांताच्या बोलण्यात मिसळले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली, पण ते वळण काही अंशी मागे राहिले. ज्या मुलाच्या हाडीमासी हे सर्व खिळलेले आहे, त्याने शहरात जाऊन स्वतःस असंस्कृत समजावे, यासारखा दुसरा गैरसमज नाही. त्याला नवे शिकावयाचे आहे ते थोडे. जवळचे न टाकणे हेच अधिक महत्त्वाचे आहे.

आता, या शिष्टाचाराचा आरंभ कोठून करावा? ज्या चालुक्य घराण्याच्या काळाची खूण धर्मापुरीस उभी आहे, त्याच घराण्यातील एका राजाने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. कल्याणीचा राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. वीस वीस अध्यायांच्या पाच विंशती, मिळून शंभर अध्याय, असा त्याचा विस्तार आहे. स्नान, विलेपन, तांबूल, वस्त्रे, अलंकार, आसन, भोजन अशा सर्व गोष्टींत राजाने कसे वागावे याचे बारीक वर्णन त्यात आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंदही त्यात सापडते. इतकी त्या राजाची दृष्टी चौफेर होती.

परंतु विचार करण्याजोगी गोष्ट ही, की वस्त्रे व विलेपने ही तिसऱ्या विंशतीत येतात. पहिल्या विंशतीत, राज्य कशाने मिळते हे सांगताना, सोमेश्वराने निराळीच सामग्री मांडली आहे. असत्य टाळणे, दुसऱ्याचा द्रोह न करणे, मत्सर व क्रोध सोडणे, स्वतःची स्तुती स्वतः न करणे, दान देणे, प्रिय बोलणे, अतिथीचा सत्कार करणे, दीन, अनाथ व सेवक यांचे पोषण करणे, शरण आलेल्याचे रक्षण करणे, या गोष्टी तेथे आहेत. अत्तर व रेशीम यांची ज्याला कमतरता नव्हती, अशा राजानेही आधी जीभ आणि मन यांची व्यवस्था लावली व मग अंगावरच्या वस्त्राकडे वळला. आजच्या तरुणास कोटापासून आरंभ करावयास सांगणारे लोक या ग्रंथाची पाने उलट्या क्रमाने वाचीत आहेत, असेच म्हणावे लागेल.

उलट्या क्रमाने गेल्यास काय होते, याचे एक उदाहरण इंग्लंडात प्रसिद्ध आहे. लॉर्ड चेस्टरफील्ड या मुत्सद्द्याने आपल्या मुलास शेकडो पत्रे लिहून चालावे कसे, बोलावे कसे, लोकांस मोहून कसे घ्यावे, याचे पाठ दिले. मुलगा १७६८ साली वारला आणि १७७४ साली ती पत्रे छापून निघाली. ती अद्यापि वाचली जातात. परंतु ज्याच्यासाठी ती लिहिली, तो मुलगा मात्र चारचौघांत अखेरपर्यंत अवघडलेलाच राहिला, अशी त्याची ख्याती आहे. रोज ज्याला 'तू मोहक दिसलास काय' असे विचारले जाते, त्याने स्वतःला विसरावे कसे?

तथापि क्रम नीट ठेवला म्हणून सर्व साधले असेही नव्हे. सोमेश्वराच्या त्याच यादीत प्रियवचन व अतिथिपूजन यांच्याबरोबर पतितांचा संग टाळावा हेही एक कलम आहे. ग्रंथकाराच्या मनात दुराचारी मनुष्य असेल. परंतु पतित कोणास म्हणावे हे ठरविण्याचा अधिकार समाजाने पुढे जन्मावर सोपविला. ज्या घरी पाहुण्यासाठी सतरंजी अंथरली जात होती, त्याच घराच्या दाराबाहेर काही माणसांना उन्हात उभे राहावे लागत होते, आणि ज्या गावी पाण्याचा तांब्या पुढे करणे हा धर्म होता, त्याच गावच्या पाणवठ्यावर त्यांस मज्जाव होता. आपल्या जुन्या सभ्यतेचा हा डाग झाकून तिचा गौरव करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

हा दोष एकट्या आपल्याच देशाचा नव्हे. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याने लहानपणी, सोळा वर्षांचा होण्यापूर्वी, शिष्टाचाराचे एकशे दहा नियम स्वतःच्या हाताने वहीत उतरून काढले होते, आणि त्याच्या गंभीर, संयमी वागणुकीची वाखाणणी जन्मभर झाली. पण त्याच्या शेतीवर गुलाम राबत होते. त्यांच्या मुक्ततेची तजवीज त्याने केली ती १७९९ साली, आपल्या मृत्युपत्रात. एकशे दहा नियम त्याला तोंडपाठ असतील. त्या नियमांतील 'दुसरा मनुष्य' कोण, हा प्रश्न मात्र वहीत लिहिलेला नव्हता.

आपल्याकडे हा प्रश्न ज्यांनी उघडपणे विचारला त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अग्रगण्य होत. शाळेत असताना ज्यांस बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे, आणि तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नसे, त्याच आंबेडकरांचा पोशाख पुढे नीटनेटकेपणाचा नमुना गणला गेला. तो पोशाख छाप पाडण्यासाठी नव्हता. मनुष्य म्हणून उभे राहण्याचा हक्क त्यातून बोलत होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे जमलेल्या स्त्रियांसही त्यांनी हेच सांगितले, की नेसण्याच्या व दागिन्यांच्या ज्या पद्धती तुम्हांस कमी लेखण्याची खूण झाल्या आहेत त्या सोडा आणि स्वच्छ, नीटस राहा. पुढे १९५० साली त्यांच्या संस्थेने औरंगाबाद येथे महाविद्यालय काढले व मराठवाड्यातील असंख्य गरीब मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. सभ्यता ही वरिष्ठांनी आपल्याजवळ ठेवावयाची ठेव नसून ज्याला माणूस म्हणून वागावयाचे आहे त्या प्रत्येकाची ती मिळकत आहे, हा या सर्वांचा मथितार्थ होय.

म्हणून शिष्टाचाराची परीक्षा मुलाखतीच्या खोलीत होत नाही. ती खोलीच्या बाहेर होते. बीड जिल्ह्यातून दर हंगामात हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांतील साठीचा एखादा वृद्ध बैलगाडीपाशी उभा असतो आणि पंचविशीतला, इस्त्रीचे कपडे घातलेला तरुण त्याला 'ए' म्हणून हाक मारतो. तोच तरुण घटकाभराने साहेबापुढे हात जोडून 'आपण बसावे' म्हणतो. त्याच्या दुसऱ्या वाक्याला शिष्टाचार म्हणावयाचे काय? ते भय आहे, किंवा व्यवहार आहे. ज्याची अदब समोरच्याचा हुद्दा पाहून चढते-उतरते, त्याला कधीच निर्धास्त होता येत नाही. कारण प्रत्येक नव्या माणसापुढे हा आपल्याहून मोठा की लहान, याचा हिशेब त्याला आधी करावा लागतो. उलट जो त्या वृद्धालाही 'मामा, जरा इकडे येता का?' असे म्हणतो, त्याच्यापाशी सर्वांसाठी एकच नाणे असते. साहेबापुढे त्याला आवाज बदलावा लागत नाही, म्हणून त्याचा आवाज कापतही नाही. न्याय आणि धीटपणा ही दोन्ही एकाच सवयीची फळे आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

या सवयीचा अभ्यास फार कठीण नाही. मात्र तो रोजचा असावा लागतो. बसचा वाहक, चहा आणून देणारा मुलगा, कचेरीतील शिपाई यांच्याशी 'अहो-जाहो'ने बोलण्यापासून आरंभ करावा. मुलगा अगदीच लहान असेल तर 'बाळ' म्हणावे, पण 'ए' म्हणू नये. दुसरा बोलत असता त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे आणि मग एक श्वास घेऊन उत्तर द्यावे; जो घाबरतो तोच घाईने बोलतो, आणि थांबावयाची सवय लागली की घाबरणेही कमी होते. आपल्या गुणांचा उल्लेख दुसऱ्याने विचारल्याखेरीज करू नये. विचारल्यास खरे ते मोजक्या शब्दांत सांगावे. एखादी गोष्ट येत नसेल तर 'मला हे येत नाही, पण शिकण्याची तयारी आहे' असे सरळ म्हणावे. या एका वाक्याइतका धीर दुसऱ्या कोणत्याही पाठ केलेल्या वाक्यात नाही. दिलेली वेळ पाळावी. कपडे जुने असले तरी धुतलेले असावेत. आणि आपल्या बोलीची लाज धरू नये. शब्द गावचा असला तरी तो आदराचा असेल तर ऐकणाऱ्यास तो टोचत नाही.

एवढे वर्षभर सांभाळले तर वरून फार मोठा बदल दिसेल असे नाही. परंतु ज्या खोलीत शिरताना पूर्वी छाती धडधडत असे, तेथे त्या तरुणाचे लक्ष आधी दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडे जाईल, त्याला तो ओळखीचा नमस्कार करील, आणि आत जाऊन बसेपर्यंत आपण घाबरणार होतो ही गोष्टच त्याच्या मनातून निघून गेलेली असेल. लोक त्यास आकर्षक म्हणोत वा न म्हणोत. त्याच्याजवळ बसावेसे त्यांना वाटेल, आणि आकर्षणाचा याहून खरा अर्थ दुसरा नाही.