कुंडीतल्या झाडावरील चिकटा

घरात ठेवलेल्या झाडाच्या पानांना हात लावताच बोटे चिकटू लागली, किंवा कुंडीभोवतीच्या फरशीवर बारीक, चकाकणारे ठिपके दिसू लागले, की झाडच काहीतरी गाळत आहे असे समजून पाने पुसली जातात आणि चार-आठ दिवसांत ती पुन्हा चिकट होतात. याचे कारण असे की चिकटा जिथे दिसतो तिथे त्याचा उगम बहुधा नसतो; तो वरून पडलेला असतो, आणि म्हणूनच चिकट झालेल्या पानाच्या नेमके वर असलेल्या पानाची खालची बाजू व तिथली कोवळी फांदी तपासणे, हे निदानाचे पहिले पाऊल होय.

दिवाणखान्यात हौसेने लावल्या जाणाऱ्या फायकस बेंजामिना या वड-पिंपळाच्या जातभाईवर हा प्रकार वारंवार आढळतो. त्याच्या पानाच्या मधल्या शिरेला लगटून तपकिरी, चपटे, तिळाएवढे उंचवटे दिसतात. ते हलत नाहीत, त्यांना पाय दिसत नाहीत, त्यामुळे ते पानाचाच भाग वाटतात. ही खवले कीड होय. फांदीच्या सालीवर नैसर्गिक पुटकुळ्याही असतात, परंतु नखाने खरवडल्यास पुटकुळी जागची हलत नाही, तर खवला अख्खा सुटून येतो आणि जिवंत असल्यास चिरडताच ओला लागतो. कापसासारखे पांढरे पुंजके देठाच्या बेचक्यात दिसले तर तो पिठ्या ढेकूण, आणि कोवळ्या शेंड्यावर मऊ अंगाच्या किड्यांची दाटी असेल तर तो मावा समजावा.

या सर्व किडी आपली सुईसारखी सोंड पानात तयार झालेली साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिनीत खुपसतात. त्या रसात साखर विपुल, पण शरीर घडवण्यास लागणारी नत्रयुक्त द्रव्ये अत्यल्प असतात. ती पुरेशी मिळावीत म्हणून किडीला गरजेपेक्षा कितीतरी अधिक रस प्यावा लागतो आणि उरलेली साखर पातळ थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. हाच चिकटा. त्याच्या गोडीने मुंग्या येतात, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते, आणि ही बुरशी पानात शिरत नसली तरी प्रकाश अडवून झाडाला दुबळे करते. मात्र कठीण कवचाची खवले कीड रसवाहिनीऐवजी पेशींतील द्रव्य शोषत असल्याने ती चिकटा टाकत नाही. तेव्हा चिकटा असणे ही मऊ खवल्यांची खूण ठरते. 

प्रत्येक चिकट थेंब किडीचाच असतो असे मात्र नाही. फायकसची फांदी दुखावल्यास पांढरा चीक येतो. तो वाळून रबरासारखा होतो व ओल्या फडक्याने सहज निघत नाही, तर चिकटा साखरेचा असल्याने पाण्यात चटकन विरघळतो. एरंडाच्या किंवा कृष्णकमळाच्या देठावरील ग्रंथींतून गोड रस पाझरणे हा तर त्या झाडांचा स्वभावच आहे.

निदान पक्के झाल्यावर झाड इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे. मोठे खवले स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक पुसून काढावेत आणि लिटरभर पाण्यात सुमारे 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा सौम्य द्रवरूप साबण मिसळून, आधी एका पानावर पाहून, मग पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. तेलाने किडीची श्वसनरंध्रे बुजतात. एका फवारणीने काम भागत नाही, कारण मादीच्या कवचाखाली दडलेली पिल्ले त्यातून वाचतात. म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा तरी ती करावी लागते. बागेत हे काम ढालकिडे करतात. कॉफीवरील हिरव्या खवल्यांसाठी ऑस्ट्रेलियातील क्रिप्टोलीमस हा ढालकिडा 1898 साली भारतात आणला गेला होता. बंद खोलीत असा मदतनीस पोहोचत नाही, आणि उबदार हवेत किडीची पिढ्यान्‌पिढ्यांची वाढ थंडीतही थांबत नाही.

मेलेले खवले अनेक दिवस फांदीला चिकटून राहतात, त्यामुळे ते पाहून उपाय फसला असे मानू नये. पाने स्वच्छ पुसून झाडाखाली पांढरा कागद पसरावा आणि दोन-तीन दिवसांनी त्यावरून बोट फिरवून पाहावे.