संघातील जागा आणि खेळाडूची धडपड

(शालेय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

श्रावण सरत आला की तालुक्यातालुक्यांतून शालेय क्रीडास्पर्धांची लगबग सुरू होते. मैदानावर चुन्याच्या रेषा पडतात, शिट्ट्या वाजू लागतात आणि एके दिवशी संघाची यादी वाचून दाखविली जाते. कबड्डीच्या यादीत बारा नावे असतात. त्यांपैकी सातजण मैदानात उतरतात, पाचजण राखीव म्हणून बाहेर बसतात. यादीत ज्यांचे नाव आलेच नाही, अशा मुलामुलींची संख्या या बारांपेक्षा कितीतरी मोठी असते. यादी वाचली जात असता त्या सर्वांच्या डोळ्यांत एकच प्रश्न उभा असतो : संघात जागा कोणाला मिळते, आणि ती कशाच्या बळावर मिळते? आजच्या विवेचनाचा विषय हाच प्रश्न आहे.

अंगची गुणवत्ता, उंची, वजन, वेग या गोष्टींना खेळात महत्त्व आहे, याविषयी दुमत नाही. तथापि, शाळेच्या पातळीवर निवड करणाऱ्या शिक्षकापुढे पुष्कळदा सारख्याच कुवतीची चार-पाच मुले उभी असतात. त्यांतून एकाची निवड करावयाची वेळ आली म्हणजे शिक्षकाची नजर निराळ्याच गोष्टी शोधू लागते. चेंडू दूर गेला असता तो आणावयास प्रथम कोण धावतो? बाद झाल्यावर खाली मान घालून कोण बसतो आणि बाहेरून सोबत्यांना हाक देऊन सावध कोण करतो? नेहमीची जागा सोडून दुसऱ्या जागी उभे राहण्यास सांगितले असता कोणाच्या कपाळाला आठी पडते? या प्रश्नांच्या उत्तरांतून जे दिसते, त्यालाच धडपड आणि वृत्ती असे म्हणता येईल. सांघिक खेळात संधीचे दार बहुधा याच गुणांनी उघडते.

महाराष्ट्राच्या मातीतील दोन खेळांकडे पाहिले, तर या विधानाची प्रचीती येते. कबड्डीत चढाई करून गडी टिपणाऱ्या खेळाडूचे नाव सर्वांच्या तोंडी होते, गुणपत्रिकेवरही त्याच्या नावापुढे गुण मांडले जातात. परंतु कोपऱ्यातील रक्षकाने चढाईपटूचा पाय धरला, तरी शेजारच्या गड्यांनी त्याच क्षणी झेप घेऊन साथ दिली नाही, तर ती पकड सुटते आणि धरणारा गडीच बाद होतो. साथ देणाऱ्याचे नाव फारसे कोणी घेत नाही, मात्र त्याच्या साथीवाचून गुण मिळत नाही. शिवाय या खेळाचा एक नियम मोठा अर्थपूर्ण आहे. प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाहेर गेलेला गडी परत मैदानात येतो, आणि तोही ज्या क्रमाने बाद झाला त्याच क्रमाने. म्हणजे मैदानातील प्रत्येक यशस्वी धडपड बाहेर उभ्या असलेल्या एखाद्या सोबत्याला खेळात परत आणीत असते.

एका गुणाचे मोल काय असते, हे हांगझाऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत दिसून आले. २०२२ सालच्या या स्पर्धा प्रत्यक्षात २०२३ मध्ये भरल्या. महिलांच्या कबड्डीत भारताची चिनी तैपेईशी साखळीतील लढत ३४-३४ अशी बरोबरीत सुटली होती. अंतिम सामन्यात पुन्हा तोच प्रतिस्पर्धी समोर आला आणि भारताने २६-२५ असा अवघ्या एका गुणाने विजय मिळवून सुवर्णपदक जिंकले. ज्या सामन्याचा निकाल एका गुणावर लागतो, त्यात कोणाची कोणती झेप निर्णायक ठरली हे नेमके सांगता येत नाही. म्हणूनच तेथे प्रत्येकीची प्रत्येक झेप मोलाची ठरते.

खो-खोची गोष्ट आणखी बोलकी आहे. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले असतात आणि एकच गडी धावत असतो. धावणाऱ्याला मागे वळता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. त्याने पाठीमागून 'खो' दिला की बसलेल्या गड्याने तत्क्षणी उठून झेपावयाचे असते. या खेळात बसणे म्हणजे विश्रांती नव्हे. बसलेल्याचे डोळे पळणाऱ्यावर, कान मागच्या पावलांवर आणि सारे अंग उठण्याच्या तयारीत असावे लागते. ज्याचे मन क्षणभर इतरत्र गेले, त्याच्या हातून पळणारा निसटला म्हणून समजावे. राखीव बाकावर बसलेल्या मुलाने यापासून जो बोध घ्यावयाचा, तो निराळा सांगावयास नको. संधी ही पाठीमागून येणाऱ्या 'खो'सारखी असते. ती कोणत्या क्षणी येईल हे ठाऊक नसते, आणि ती आल्यानंतर तयारीला लागण्यास वेळ उरत नाही.

या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झाली. पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत भारताने नेपाळवर मात करून विजेतेपद पटकाविले. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे, ही या राज्याला अभिमानास्पद गोष्ट आहे.

धडपडीतून संधी कशी निर्माण होते, याचे उत्कृष्ट उदाहरण पाहावयाचे असेल, तर एकनाथ सोलकर यांच्या कारकिर्दीकडे वळले पाहिजे. सोलकरांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. मैदानाच्या आवारातील लहानशा जागेत हे कुटुंब राहत असे. लहानपणी एकनाथ तेथील सामन्यांच्या वेळी धावफलकावरील आकडे बदलण्याचे काम करीत. इतरांच्या धावांचे आकडे लावणारा हा मुलगा खेळताखेळता शालेय संघात, पुढे मुंबईच्या संघात आणि १९६९ मध्ये भारताच्या कसोटी संघात जाऊन पोहोचला.

सोलकरांची कसोटीतील आकडेवारी वरवर पाहणाऱ्यास साधारण वाटेल. २७ कसोटी सामन्यांत त्यांनी १,०६८ धावा केल्या, एक शतक झळकाविले आणि १८ बळी मिळविले. एवढ्यावर कोणाला संघात दीर्घकाळ जागा मिळाली नसती. परंतु याच २७ सामन्यांत त्यांनी ५३ झेल घेतले. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या फिरकी गोलंदाजांचा तो काळ. त्यांच्या गोलंदाजीवर फलंदाजाच्या बॅटला लागून हातभर अंतरावर उडणारा चेंडू टिपणारा कोणी नसता, तर त्यांचे निम्मे कौशल्य वाया गेले असते. फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, शिरस्त्राणावाचून, उभे राहण्याचे हे काम धोक्याचे होते. सोलकरांनी ते आपलेसे केले. संघाला ज्या गोष्टीची निकड होती, ती त्यांनी ओळखली आणि त्या एका कामात स्वतःला अपरिहार्य करून घेतले.

१९७१ सालच्या ऑगस्टमधील ओव्हलची कसोटी अनेकांच्या स्मरणात असेल. अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडच्या भूमीवर आपला पहिला कसोटी विजय मिळविला आणि मालिकाही जिंकली. दुसऱ्या डावात इंग्लंडचा संघ १०१ धावांत गडगडला. त्या डावात ३८ धावांत ६ बळी घेणाऱ्या चंद्रशेखरांचे नाव त्या विजयाशी कायमचे जोडले गेले, आणि ते यथार्थच होय. परंतु त्याच डावात वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर ॲलन नॉट यांचा झेल सोलकरांनी ज्या रीतीने पुढे झेपावून टिपला, त्याचे वर्णन आजही जाणकार करीत असतात. त्यापूर्वी पहिल्या डावात त्यांनी ४४ धावा करून आणि ३ बळी घेऊन आपला वाटा उचललेला होताच. फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षण यांपैकी जे काम पुढ्यात येईल ते मनापासून करावयाचे, ही त्यांची वृत्ती होती.

याच मार्गावरील दुसरे नाव धनराज पिल्ले यांचे. पुण्याजवळील खडकीच्या वसाहतीत हॉकी शिकलेला हा खेळाडू १९९२ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक स्पर्धांत आणि १९९० ते २००२ या काळात चार विश्वचषक स्पर्धांत भारताकडून खेळला. १९९८ मध्ये बँकॉक येथील आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघाचा तो कर्णधार होता. तर धाराशिवच्या सारिका काळे हिने घरच्या हलाखीच्या परिस्थितीशी झगडत खो-खोचे मैदान सोडले नाही. २०१६ मध्ये गुवाहाटी येथे झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे नेतृत्व तिने केले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार प्राप्त झाला.

ही उदाहरणे सांगताना एका गोष्टीचे भान मात्र ठेवले पाहिजे. जिद्दीच्या गोष्टी ऐकविल्या म्हणजे आपले कर्तव्य संपले, असा समज होण्याचा धोका असतो. मुलगा मागे पडला, तर त्याच्या अंगी जिद्दच नव्हती, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु सोलकरांच्या गोष्टीत एक मैदान आहे आणि ते त्यांच्या दाराशी होते, हे विसरून चालणार नाही. धडपड मुलाची असते, पण ती दिसण्यासाठी जागा लागते आणि ती पाहण्यासाठी कोणाचे तरी डोळे लागतात. ज्या गावात शाळेच्या मैदानावर खडीचे ढीग पडले आहेत किंवा आठवड्याचा बाजार भरतो, तेथील मुलाने आपली चपळाई दाखवावी कोठे? बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याने शाळेसाठी क्रीडांगण आवश्यक मानले आहे. ते प्रत्यक्षात मोकळे, सपाट आणि वापरण्याजोगे राहील, हे पाहणे शाळेइतकेच पंचायतीचेही काम आहे.

मुलींच्या बाबतीत तर हा विचार अधिकच अगत्याचा ठरतो. सातवी-आठवीपर्यंत मैदान गाजविणारी मुलगी नववीत दिसेनाशी होते, तेव्हा तिची वृत्ती बदललेली नसते. सराव संपण्यास उशीर होतो, वाटेवर दिवा नसतो, कपडे बदलण्यास आडोसा नसतो आणि घरी विचारणारे कोणी समजावून सांगणारे नसते. सरावाची वेळ तासभर अलीकडे आणणे, मैदानाशेजारी स्वच्छतागृहाची सोय करणे, सरपंच किंवा शिक्षिका यांनी स्वतः घरी जाऊन पालकांशी बोलणे, ही मोठ्या खर्चाची कामे नव्हेत. परंतु त्यांच्या अभावी किती गुणी मुली खेळाला अंतरतात, याची नोंद कोठेच होत नाही.

शिक्षकांनीही काही पथ्ये पाळावयास हवीत. वृत्ती चांगली असणे याचा अर्थ मूग गिळून बसणे असा नव्हे. प्रश्न विचारणारा, आपली अडचण सांगणारा मुलगा उद्धट ठरवू नये. तसेच दुखऱ्या गुडघ्याने किंवा मुरगळलेल्या घोट्याने खेळत राहणे हे जिद्दीचे लक्षण मानू नये. उमलत्या वयातील इजेकडे केलेले दुर्लक्ष पुढील साऱ्या संधी हिरावून घेऊ शकते. निवडीच्या वेळी ओळखीपाळखीला आणि दबावाला थारा देऊ नये, हे तर उघडच आहे. धडपडीचे चीज होत नाही असे मुलांच्या एकदा लक्षात आले की ती धडपड करण्याचे सोडून देतात, आणि तो दोष त्यांचा नसतो.

या दृष्टीने एक साधी वही पुष्कळ उपयोगी पडेल. सरावास वेळेवर कोण येतो, चूक झाल्यावर पुढच्याच क्षणी खेळात कोण परततो, पंचाचा निर्णय विरुद्ध गेला असता कोण स्वतःला सावरतो, नवख्या मुलाला कोण शिकवितो, यांची नोंद शिक्षकाने महिनाभर ठेवावी. गुणांच्या आकड्यांच्या शेजारी ही नोंद ठेवून निवड केली, तर ती अधिक न्याय्य होईल. ज्यांची निवड झाली नाही त्यांना एकेकाला जवळ बोलावून कारण सांगावे आणि पुढील खेपेस काय सुधारावे तेही सांगावे. राखीव खेळाडूंना शेवटच्या मिनिटाची शोभेची संधी न देता सरावसामन्यांत पूर्ण डाव खेळू द्यावे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवण्याचे धोरण आहे. त्या वाटेवरील पहिली पायरी शाळेच्या यादीतील नाव हीच असते, एवढे लक्षात घेतले तरी या कामाचे गांभीर्य पटेल.

मित्रहो, आपल्या तालुक्यात यंदाही याद्या वाचल्या जातील. तेराव्या क्रमांकाचा एखादा मुलगा नाव न आल्यामुळे मान खाली घालून घरी जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा मैदानावर आला, रेषा आखण्यासाठी चुन्याचे घमेले त्याने उचलले, तर त्याच्याकडे लक्ष द्यावे. त्याने आपल्या वाट्याचे काम केलेले आहे. पुढचे काम त्याला पाहणाऱ्यांचे आहे.