खोड्याजवळची बोलणी

(तालुक्यातील ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पशुवैद्यकीय दवाखान्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. अहवालात तपासलेल्या जनावरांचे आकडे असतात आणि चावडीवर ‘डॉक्टर भेटत नाहीत’ एवढे एकच वाक्य असते. दौऱ्यावर असताना मी काही गावांतील दवाखान्यांच्या आवारात, जनावर उभे करण्याच्या खोड्यापाशी थांबून पशुपालकांशी बोललो. तेथे ऐकलेले अनुभव या दोन्ही सुरांत बसत नाहीत, म्हणून ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत आपल्या राज्यात सुमारे १ कोटी ३९ लाख गाई-बैल, ५६ लाख म्हशी आणि १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. यांपैकी शेळी ही बहुधा अशा घरात असते, जेथे सात-बाराचा उतारा नसतो. तिच्या आजाराची किंमत बाजारभावाने करता येत नाही.

एका बाईंची हकिगत प्रथम सांगतो. त्यांची संकरित गाय सकाळी माजावर आली. गाय सकाळी माजावर दिसली तर त्याच दिवशी सायंकाळी, आणि सायंकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करावे, असा साधा नियम आहे. बाईंना तो ठाऊक होता. परंतु घरधनी परगावी आणि दवाखाना चार किलोमीटर दूर. गाय नेण्यास दुसऱ्या दिवसाची दुपार उलटली. रेतन झाले, पण गाय गाभण राहिली नाही. एकवीस दिवसांनी पुन्हा माज दिसला, तो नेमका सुटीच्या दिवशी. ‘‘गायीच्या माजाला रविवार कळतो का साहेब?’’ असे त्यांनी मला विचारले. एक माज चुकला की एकवीस दिवसांचा चारा आणि पेंड फुकट जाते, दोन चुकले की दीड महिना. हा तोटा कोणत्याच नोंदवहीत दिसत नाही. तो घरातील मुलांच्या दुधात व वाण्याच्या उधारीत दिसतो. सुटीच्या दिवशी कोण उपलब्ध आहे, हे दवाखान्याच्या दारावर खडूने लिहिले असते तरी त्या बाईंचे काम झाले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉक्टर भेटत नाहीत या तक्रारीत तथ्य आहे, आणि तिला दुसरी बाजूही आहे. पुष्कळदा डॉक्टर दुसऱ्या गावी अडलेल्या म्हशीपाशी गुडघ्यावर बसलेले असतात. वासरू आडवे आलेले असताना तास-दोन तास जातात, तेवढ्यात इकडे चार माणसे कुलूप पाहून परततात. एका पशुवैद्याने बाहेर पडताना जाण्याचे गाव व परतण्याची वेळ फळ्यावर लिहिण्याचा प्रघात पाडला आहे. त्या गावात मला तक्रारीचा सूर जवळजवळ ऐकू आला नाही. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तोही त्या फळ्यावर होता.

लसीकरणाबाबतचे अनुभव मात्र आपल्या सर्वांना विचार करावयास लावणारे आहेत. लाळ्या-खुरकताची लस दिल्यावर दूध एक-दोन दिवस थोडे उतरू शकते. दूध घालणाऱ्याला ही घट त्याच सायंकाळी कळते. रोग टळला हे त्याला कधीच कळत नाही. म्हणून लस टोचणारे आले की काही जण जनावरे रानात हाकतात. २०२२ च्या पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यातून लम्पी चर्मरोगाच्या वार्ता येऊ लागल्या, तेव्हा हे चित्र पालटले. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली आणि शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना देण्यासाठी गावोगाव रांगा लागल्या. ‘‘त्या वर्षी डॉक्टर रात्री विजेरी घेऊन गोठ्यात आले,’’ असे एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले. त्यांचा एक बैल गेला, दुसरा वाचला. गेलेल्या बैलाविषयी त्यांच्या बोलण्यात कटुता नव्हती.

आता शिक्षकमित्रांसाठी थोडे. पिसाळलेला कुत्रा चावलेली गाय काही दिवसांनी लाळ गाळू लागते, घोगऱ्या आवाजात हंबरते, तिला गिळता येत नाही. घशात काही अडकले असेल या समजुतीने मालक तिच्या तोंडात हात घालतो. असे केलेल्या एका पशुपालकास, जनावरावर उपचार नाही हे सांगून, पशुवैद्याने तत्काळ माणसांच्या दवाखान्यात पाठविले. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. लक्षणांपूर्वी लस घेतली तर वाचतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हे प्रत्येक मुलास पाठ असावे. हळद, चुना, मिरची जखमेत भरू नये. घरच्या कुत्र्यास तीन महिन्यांचे झाल्यावर लस द्यावी आणि पुढे दरवर्षी. कुत्रा दवाखान्यात नेण्याची आपल्याकडे अनेकांना लाज वाटते. ती कशासाठी, हे मला अद्याप उमगलेले नाही.

सदस्यांनी एक गोष्ट अवश्य ध्यानी ठेवावी. लम्पीच्या साथीत मृत जनावरांसाठी शासनाने दुभत्या गायीमागे ३० हजार, ओढकामाच्या बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये साहाय्य जाहीर केले होते. परंतु काही ठिकाणी जनावर आधी पुरले गेले आणि पंचनाम्याची आठवण मागाहून झाली. जनावर मरताच प्रथम दवाखान्यास कळवावे व पंचनामा करून घ्यावा. मात्र जनावर अचानक मेले असेल आणि नाका-तोंडातून वा गुदद्वारातून काळसर रक्त येत असेल, तर फाशी रोगाचा संशय धरावा. अशा वेळी कातडे सोलू नये, शव फाडू देऊ नये, कुत्र्यांना जवळ फिरकू देऊ नये, आणि पशुवैद्य येईपर्यंत तेथे एक माणूस उभा ठेवावा.