पाड्यावरील आरोग्यसेविका आणि तिचा हक्क



आज मी जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतील आरोग्याविषयी बोलणार आहे. तो प्रश्न आदिवासी बांधवांचा आहे, त्याचा आपल्याशी काय संबंध, असे आपणांपैकी काहींस वाटेल. संबंध आहे, आणि तो मी शेवटी सांगणार आहे.

2014 साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हे डोंगराळ तालुके पालघर जिल्ह्यात गेले. येथे वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी या जमाती राहतात. एका गावाचे अनेक पाडे आणि मध्ये ओढे व दऱ्या. रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजही दुखणाईतास झोळीत घालून आणावे लागते. 1992-93 च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. पुढे योजना आल्या. तरीही 2016 साली मोखाड्यातील कुपोषणाने सरकारास पुन्हा जाब विचारला. नवजात बालकाचा जीव काही तासांत जातो आणि डॉक्टर दूर असतो. म्हणून पाड्यावरच राहणारी, पाड्याची बोली बोलणारी, शिकविलेली स्त्री तेथे हवी.

अल्पशिक्षित बाईस हे काम कसे साधणार, असा आक्षेप घेतला जातो. त्यास महाराष्ट्रानेच उत्तर दिलेले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेड येथे काम आरंभिले आणि खेड्यांतील निरक्षर स्त्रियांस आरोग्यसेविका केले. त्यांत दलित स्त्रियाही होत्या. निरनिराळ्या जातींच्या या स्त्रिया एकत्र शिकल्या, एकत्र जेवल्या. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने 39 गावांतील स्त्रियांस नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले. अशी सेवा नसलेल्या गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी तेथील नवजात-मृत्यूंत 62 टक्के घट दिसली. हे संशोधन 1999 साली प्रसिद्ध झाले आणि जगाने त्याची दखल घेतली.

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगावी 'आशा' नेमण्याचे धोरण स्वीकारले. बाळंतपणानंतर 42 दिवसांत तिने ठरलेल्या दिवशी घरी जावयाचे असते. बाळाचे वजन अडीच किलोहून कमी आहे काय, त्यास ऊब मिळते काय, ते अंगावर नीट पिते काय, हे तिने पाहावयाचे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटास 60 वा अधिक वेळा चालत असेल, तर त्यास त्वरित दवाखान्यात पोहोचवावयाचे. हे ज्ञान मोजमापाचे आहे. ते कोणालाही शिकता येते.

परंतु येथे एक अडचण निराळी आहे. दिवाळीनंतर पाडे ओस पडतात. कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर व मजुरीस जातात. बाळ भट्टीवर आणि त्याची नोंद पाड्यावर! म्हणून येथील शिक्षणात एक पाठ अधिक असावा: कुटुंब निघण्यापूर्वी आईच्या हाती कार्ड द्यावे, पुढील लसीची तारीख समजावून द्यावी आणि ते जेथे जाईल तेथील सेविकेस आगाऊ कळवावे.

आता तो संबंध सांगतो. गावाने आपल्या पूर्वजांकडून शेकडो वर्षे कामे करून घेतली आणि त्या कामांस कर्तव्य म्हटले. कर्तव्य म्हटले की मजुरी ठरवावी लागत नाही. आज आशेस 'स्वयंसेविका' म्हणतात. तिच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो, आणि कायमच्या नोकरीचा दर्जा तिला नाही. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. पण त्यापूर्वी 2021 साली आणि त्यानंतर 2023 सालीही महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला. गौरवाने चूल पेटत नाही. सेवा हा शब्द थोर आहे, म्हणूनच त्याच्या आड कोणाची मजुरी बुडू नये, हे आपणांइतके कोणास कळावे?

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. आपल्या वस्तीतील मुली-सुना या कामास पुढे येत असतील, तर त्यांस अडवू नका. त्या शिकतील तेव्हा ते शिक्षण अर्धवट राहू देऊ नका. आणि जव्हारच्या पाड्यावरील वारली भगिनी आपल्या वेतनासाठी उभी राहील, तेव्हा ती परकी आहे असे म्हणू नका. ज्ञान तिच्या हाती द्यावयाचे आणि मोल मात्र द्यावयाचे नाही, हा न्याय नव्हे.